सेकंदाला चार

वाशीच्या तपासणीखोलीत एक नरसाळं आहे,
खाली भांडं, भांड्याखाली काटा.
नर्सने नळ थोडा सोडून ठेवला, दार ओढून घेतलं,
आणि मी, तुर्भ्याच्या मार्केटात अकरा वर्षं वजनकाटे तपासणारा,
आधी वाकून काट्याचा मेक पाहिला.
मग उभा राहिलो. दात आवळून जोर केला.
दोन धारा फुटल्या,
एक भांड्यात, एक चपलेवर.

कागद बाहेर आला: सेकंदाला चार.
रेघ जराशी उठली आणि आडवीच चालत राहिली,
ओहोटीच्या चिखलासारखी.
“डोंगर दिसायला हवा,” डॉक्टर केळुसकर म्हणाल्या
आणि पेनाने एक काढून दाखवला.
खिडकीत लांबवर पारसिकचा होता, तयारच.

जन्मतः माझं भोक टोकाला नव्हतं, खाली होतं.
चौथ्या वर्षी एकदा, सातव्या वर्षी पुन्हा
कळव्याला शिवलं.
गोठिवलीला परतताना रिक्षात आय म्हणाली,
“कोनाला सांगाचा नाय.”
शपथ घातली नाही. गरज नव्हती.

मधल्या सुट्टीत मी कधी गेलो नाही.
तास सुरू झाला की हात वर करायचो,
सरांना वाटे, पोरगं कामचुकार.
लग्नानंतर तेजलला सांगितलं, मुतखडा आहे.
मुतखड्याला समाजात मान आहे,
लोक आपणहून कुळथाचं पाणी सुचवतात.
तीन वर्षं प्यायलो मी कुळथाचं पाणी.

“जुना व्रण आवळत आलाय,” डॉक्टर म्हणाल्या,
“नुसतं ताणलं तर परत आवळेल.
उघडू, गालाच्या आतली पट्टी लावू,
सहा महिने रुजू देऊ, मग नळी करून मिटू.”
गालाचीच का?
“तिला ओल्यात राहायची सवय असते.”
तेजल माझ्याकडे बघत होती.
इतक्या बोलण्यात मुतखडा कुठेच आला नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आय आली,
हातात दुधाची धुतलेली पिशवी.
आत कळव्याचे केसपेपर, सत्तावीस वर्षांचे,
घडीवर फाटलेले, एकावर हळदीचं बोट.
मला दिले नाहीत. तेजलच्या मांडीवर ठेवले.
“तुला म्हाईत पायजे,” म्हणाली
आणि कॅन्टीन कुठे आहे विचारत निघून गेली.
तेजलने सगळे वाचले.
अक्षर लागेना तिथे माझ्यापुढे धरले.
मी वाचून दाखवलं,
मोठ्याने.

आठ दिवस तोंड दोन बोटंच उघडायचं.
ताक, गार पेज, वितळलेलं आइस्क्रीम.
ज्या गालात एवढी वर्षं दाबून धरलं
त्याचाच तुकडा आता तिकडे राहायला गेलाय,
हे पेज पिताना सुचलं, हसू आलं,
टाका ओढला गेला.

मग सहा महिने बसून.
मार्केटच्या शौचालयात पाच रुपये देऊन आतली खोली.
आणि रोज रात्री पट्टी तपासायची, काळी पडत नाही ना.
तेजल मोबाइलचा टॉर्च धरायची.
“गुलाबी,” म्हणायची,
वहीत नोंद घेतल्यासारखी, आणि लाइट बंद.

दुसऱ्यांदा शिवलं तेव्हा एकवीस दिवस नळी होती.
ती निघाली, आणि पुन्हा तेच नरसाळं.
जोर केला नाही. विसरलोच करायला.
एकच धार. चपला कोरड्या.
सतरा.
डोंगर वाकडा आला, एका बाजूला खांदा,
पण डोंगर.
“तीन महिन्यांनी या,” डॉक्टर म्हणाल्या,
“पुन्हा आवळणारच नाही, असं मी लिहून देत नाही.”

माझ्या बॅगेत दोनशे ग्रॅमचं प्रमाणित वजन असतं.
विचारलं, ठेवून बघू का?
त्यांच्या काट्याने दोनशे सहा दाखवले.
“म्हणजे?”
म्हटलं, शंभराला तीन जास्त. तुमचे सतरा, सतरा नाहीत.
“मग साडेसोळा धरू,” त्या म्हणाल्या,
आणि सतरा खोडून लिहिलं.

जिन्यात लक्षात आलं,
तेव्हाचे चारसुद्धा चार नव्हते.